वीट धरलेला हात

१

रविवारी दुपारी चर्चच्या बसमधून येऊन मी डोक्यावरची टोपीही काढली नव्हती, तेवढ्यात समोरच्या घरातून व्हर्डेल टॉलिव्हरची हाक आली. "इमोजीन!"

व्हर्डेल कधी ओरडत नाही. नवरा गेला त्या दिवशीही ती ओरडली नव्हती. आलेल्यांना कॉफी हवी का, एवढंच विचारत फिरत होती. म्हणून मी टोपीसकट रस्ता ओलांडला.

डेट्रॉइटमधल्या आमच्या फेअरलॉन वस्तीत घराचं पुढचं दार असतं ते पाद्र्यांसाठी आणि विमा विकणाऱ्यांसाठी. आपली माणसं बगलेच्या दारानं जातात-येतात. मीही तिकडेच वळले. सकाळी आम्ही चर्चमध्ये गात होतो तेव्हा बर्फ पडून गेला होता, आणि तिच्या दारापर्यंत जाणाऱ्या गाडीवाटेवर चाकांच्या दोन रेघा आत जाऊन परत बाहेर आल्या होत्या. तिचा मुलगा वेन्डेल तिला दारात सोडून गाडी रस्त्यावर लावायला गेला असणार, असं मी धरून चालले. रेघांच्या कडेनं सगळा बर्फ कोरा. त्यात पहिली पावलं माझीच उमटली, आणि माझे रविवारचे बूट भिजले म्हणून मी मनातल्या मनात वेन्डेलला दोन शिव्या हासडल्या.

व्हर्डेल जिन्याखाली उभी होती. अंगावर कोट तसाच. वेन्डेल जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी. ती उंच खिडकी शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान लहान काचांची आहे आणि तिच्या मधोमध ताटाएवढी गोल रंगीत काच असते. आज तिथं प्लायवूडची गोल चकती होती.

"नेली," व्हर्डेल म्हणाली. "कुणीतरी हात नेला माझा."

आता हा हात म्हणजे काय ते सांगायला हवं. हे घर बांधलं एका कार्ब्युरेटरवाल्यानं. इंग्लंडात राजेरजवाडे होते तेव्हा घरं अशी असत म्हणे. मोटारींच्या पैशानं गब्बर झालेल्या डेट्रॉइटकरांनी ती इथं नव्यानं जुनी बांधली. टोकदार छपरं, त्यांवर पाटीचा दगड, भिंतींत मुद्दाम वेड्यावाकड्या भाजलेल्या विटा. ट्यूडर म्हणतात या घरांना, आणि ती बघायला बसमधून लोक येतात. कार्ब्युरेटरवाल्यानं जिन्यातल्या खिडकीत स्वतःचं राजचिन्ह बसवून घेतलं होतं. सिंहाचं. त्याच्या सात पिढ्यांत कुणी सिंह पाहिला नव्हता.

साठच्या दशकात हे घर व्हर्डेलच्या नवऱ्यानं, ल्यूशस टॉलिव्हरनं घेतलं. कारखान्यात साचे घडवणारा काळा माणूस, तरणी बायको, पदरात तान्हं मूल. या रस्त्यावरचं पहिलं काळं कुटुंब. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्या खिडकीतून वीट भिरकावली आणि सिंहाचा चुरा झाला. शेजाऱ्यांना वाटलं, आता हे सामान बांधतील. ल्यूशसनं ती वीट धुतली, पुसली आणि दिवाणखान्यात शेकोटीवर मांडली. मग एका काच रंगवणाऱ्याला गाठून नवी गोल काच करून घेतली. तिच्यात एक काळा हात आहे आणि त्या हातात लाल वीट. एवढंच. सूर्य कलला की तो हात जिन्याच्या पायऱ्यांवर पडतो.

गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला, वेन्डेलनं अटलांटाहून येऊन आईला सोबत न्यायचा विषय काढला. गिऱ्हाईकही आणलं होतं त्यानं घराला. तेव्हा व्हर्डेल सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, "तो हात त्या खिडकीत आहे तोवर मी या घरात. तो हलला की मला खुशाल न्या." सगळे हसले होते.

वेन्डेल जिना उतरून खाली आला. त्याचा चेहरा पडलेला होता, पण शब्द ठाम होते.

"आई, हात हलला. आणि शब्द तुझाच होता. बुधवारी गिऱ्हाईक सह्या करायला येतंय."

२

मी आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासले. जळालेली दुकानं, बुडालेल्या होड्या, चोरीला गेलेले आणि मग मावसबहिणीच्या गळ्यात सापडलेले हार. लोकांच्या थापा ऐकूनच माझं पोट भरलं. निवृत्त झाले तरी नाक काही निवृत्त होत नाही.

"पोलिसांना कळवायचं का?" मी विचारलं.

"माझ्या घरातली चोरी घरातच सुटली पाहिजे," व्हर्डेल म्हणाली. "बुधवारच्या आत. तू सोडव."

"आणि नाही सुटली तर?"

"तर मी शब्दाची पक्की आहे, हे तुला माहीत आहे." मला एकदम भीती वाटली. ही खरोखरच जाईल. ज्या बाईला विटा हलवू शकल्या नाहीत, तिला तिचाच शब्द हलवेल.

मी खिडकी नीट पाहिली. चोरानं काच फोडून नव्हे, सोडवून नेली होती. काचेभोवतीची लाकडी कडी स्क्रूंनी बसवलेली असते. कडी शाबूत होती आणि स्क्रू खिडकीच्या कट्ट्यावर गोलाकार मांडून ठेवले होते, ज्याचं भोक जिथं तिथं तो. प्लायवूडची चकती मापात कापलेली, कडेला लोकरी पट्टी चिकटवलेली. थंडी आत येऊन गरम पाण्याच्या नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून चोरानं घेतलेली काळजी! असा चोर मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. चकती आधीच बनवून आणलेली, म्हणजे काम ठरवून केलेलं.

"स्क्रू असे ल्यूशस मांडायचा," व्हर्डेल हळूच म्हणाली.

वेन्डेलनं खिडकीबाहेर पाहिलं.

कुलूप तोडलेलं नव्हतं. बगलेच्या दाराच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते मी विचारलं. एक वेन्डेलकडे. एक माझ्याकडे. एक शेजारच्या डीकन अलोन्झो मॅब्रीकडे. तो ल्यूशसचा जिवलग मित्र, त्याच कारखान्यातला, आणि आमच्या चर्चमध्ये पाद्रीबुवांच्या खालोखाल त्याचाच शब्द. चौथी किल्ली जुनी घरं जपणाऱ्या वारसा समितीच्या प्रेस्टन लेथ्रपनं उन्हाळ्यात घरं दाखवायच्या कार्यक्रमासाठी मागून नेली होती, ती परत केलीच नव्हती.

"वर जाऊन माझी शाल आणतेस, इमो?" व्हर्डेलनं विचारलं. कोट काढताना तिची बाही वर सरकली. कोपरापाशी पिवळी पडत चाललेली मोठी काळीनिळी खूण.

"हे काय गं?"

"कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली आणि बाही खाली ओढली.

३

लेथ्रपकडे मी त्याच दुपारी गेले, तेही पुढच्या दारानं, कारण तो आपल्यातला नव्हे. तो आला तो पाच वर्षांपूर्वी, फेअरलॉन पुन्हा मासिकांत छापून यायला लागल्यावर. गोरा, उंच, गळ्याला मफलर. माणूस वाईट नाही. पण 'मूळ' हा शब्द त्याच्या तोंडात लिमलेटच्या गोळीसारखा सतत घोळत असतो. मूळ विटा, मूळ कड्या, मूळ रंग. टॉलिव्हरांच्या खिडकीत मूळ सिंह बसवावा म्हणून त्यानं समितीत दोनदा विषय काढला होता, आणि व्हर्डेलनं दोन्हीदा त्याला कॉफी पाजून परत पाठवलं होतं.

"गेली?" त्यानं डोळे विस्फारले. "मिसेस टॉलिव्हरांची काच?"

"तुमच्या मनासारखं झालं."

"बाई, माझ्या मनात होतं ते अर्ज, सुनावणी, ठराव आणि मग बदल. असं चोरून नव्हे! आणि सिंह कुठाय माझ्याकडे? नवा बनवायला सहा महिने लागतील. तोवर त्या भोकाचं काय? शिशाची चौकट वाकेल! भोक उघडंच ठेवलंय का?"

"नाही. चकती बसवलीय."

"कसली?"

"प्लायवूडची."

त्यानं हृदयावर हात ठेवला. "प्लायवूड," तो म्हणाला. "एकोणीसशे सव्वीसच्या खिडकीत."

खोटं दुःख मी पुष्कळ पाहिलंय. हे अस्सल होतं. तरी विचारलं, सकाळी कुठे होता?

"घरी. मी बर्फात गाडी काढत नाही. उन्हाळ्यातसुद्धा सायकलच." दाराशी किल्ली हातात देताना तो ओशाळून म्हणाला, "राहिली होती परत करायची. त्यांना सांगा, मला ती काच खरं तर आवडते. फक्त ती मूळ नाही."

"प्रेस्टन," मी म्हटलं, "त्या घरात आजवर जे काही घडलं, त्यात तिच्याइतकं मूळ काही नाही." आणि वाद घालायला त्याला सवड न देता पायऱ्या उतरले.

४

डीकन अलोन्झो मॅब्री आरामखुर्चीत पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता. चर्चला तो आला नव्हता हे मला ठाऊकच होतं. त्याच्या जाड आवाजाशिवाय आमची गाणी पांगळी होतात.

"पाठ धरली, इमोजीन. सकाळपासून या खुर्चीतून उठलो नाही. खिडकीबाहेरसुद्धा पाहिलं नाही."

"म्हणजे काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही."

"रेडिओवर प्रवचन ऐकत होतो. डोळा लागला." त्यानं पाठीमागची पिशवी सरकवली. "वेन्डेल काय म्हणतो?"

"म्हणतो, बुधवारी सह्या."

डीकन आरामखुर्चीत थोडा सावरून बसला. मग म्हणाला, "पोराला आईची काळजी आहे. त्यात काय चुकलं?"

मला रागच आला. "अहो डीकन, तुम्हीसुद्धा? तिला इथून काढायचं? आपण तिघांनी हा रस्ता कसा जगवला ते विसरलात?"

तो एकदम हसला. "तो लेथ्रप मला विचारत होता, ही घरं इतकी धड कशी राहिली म्हणून. मी सांगितलं, प्रार्थनेनं."

मीही हसले. प्रार्थनेनं कसली! वाईट वर्षांत या शहरातली माणसं निघून जात होती आणि घरं ओस पडत होती. ओस घर दिसलं की एका रात्रीत सोललं जायचं. तांब्याच्या नळ्या, दारं, रंगीत काचा, काही म्हणून उरायचं नाही. म्हणून आम्ही कुठलंच घर ओस दिसू दिलं नाही. कुणी गावाला गेलं, इस्पितळात पडलं, की बाकीच्यांनी त्याची हिरवळ कापायची, दाराला अडकवलेली पिझ्झाची पत्रकं उचलायची, बर्फ पडला तर त्याच्या दारापर्यंत आपली गाडी नेऊन आणायची, ओसरीवरचा दिवा लावायचा, रेडिओ मोठ्यानं चालू ठेवायचा. एकदा तर डीकननं बायकोची अंतर्वस्त्रं मेलेल्या म्हाताऱ्याच्या तारेवर वाळत घातली होती आणि पाद्रीबुवांनी ती पाहिली होती. ती आठवण निघाली आणि आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

"लोक म्हणायचे, डेट्रॉइट मेलं," डीकन म्हणाला. "आपल्याला कुणी कळवलंच नाही."

निघताना तो दारापर्यंत आला नाही. बाहेर त्याची जुनी ब्यूक गाडी उभी होती, पुढची काच लख्ख पुसलेली. रांगेतल्या, चर्चला न गेलेल्या बाकीच्या गाड्या पांढऱ्याफटक. ते पाहून मला आठवलं की माझी गाडीही झाडायची आहे, आणि मी घरी जाऊन झाडू शोधू लागले. झाडू हातात घेतला आणि मनात धागा जुळला. स्क्रू! कारखान्यातली बापाची सवय मुलाशिवाय कोण उचलणार?

५

आरोप करायचा तर भरल्या पोटी करावा. संध्याकाळी व्हर्डेलकडे भाजलेलं मांस, लसूण घालून रटरटवलेली पालेभाजी आणि मक्याचा पाव असं जेवण होतं. मी दोनदा वाढून घेतलं आणि मग चमचा खाली ठेवला.

"वेन्डेल, काच कुठे ठेवलीस?"

"इमोजीन मावशी, काय बोलतेस!"

"स्क्रू तुझ्या बापासारखे मांडले होते. किल्ली तुझ्याकडे. घर विकायची घाई तुला. आणि आज पहिलंच गाणं सुरू झालं तसा तू उठून बाहेर गेलास, तो प्रवचन संपताना आलास. मी गायकवृंदात उभी असते, मला सगळे बाक दिसतात."

व्हर्डेलनं मुलाकडे पाहिलं. तसं बघणं माझ्या वाट्याला कधी न येवो.

वेन्डेल उसळला. "मी बाहेर जाऊन फोनवर बोलत होतो. गिऱ्हाईकाला थांबवत होतो! सांगत होतो, आईला अजून महिना द्या. तो नाही म्हणाला." त्यानं हातातला पाव ताटात टाकला. "आणि मी इथं येणार कसा होतो? चर्च पाच मैलांवर. तुमच्या चर्चमध्ये गाड्या कशा लावतात ते तुला माहीत नाही? पुढे गाडी, मागे गाडी, दोन्ही बाजूंना गाडी. शेवटचा आशीर्वाद झाल्याशिवाय प्रत्यक्ष देवालाही तिथून गाडी काढता येत नाही!"

हे खरं होतं. मागे एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या, तर सगळ्या पुरुषांनी मिळून एक गाडी उचलून बाजूला ठेवली होती. माझं तोंड कडू झालं. इतकी वर्षं दावे तपासून मी हे विसरले.

"बरं, चुकले," मी म्हटलं. "पण घरी आल्यावर आईला बगलेच्या दाराशी सोडून गाडी बाहेर लावलीस ती..."

"मी गाडी आत नेलीच नाही. रस्त्यावरच लावली. आईच म्हणाली, पुढच्या दारानं जाऊ, तिथल्या पायऱ्यांना कठडा आहे."

"व्हर्डेल? पुढच्या दारानं?"

व्हर्डेल भाजीचं भांडं उचलून ओट्याकडे गेली. पाठमोरी.

आणि मी मात्र तशीच बसून राहिले. गाडीवाटेवरचा तो कोरा बर्फ माझ्या डोळ्यांसमोर आला. चाकं आत गेली होती, परत आली होती, आणि पाऊल एकही नव्हतं. मग ती गाडी कुणाची? आणि तिच्यातून कुणीच का उतरलं नव्हतं?

६

सोमवारी सकाळी मी पीचचं गोड कॉबलर भाजून डीकनकडे घेऊन गेले. निघण्यापूर्वी व्हर्डेलला सांगितलं होतं, "थोड्या वेळानं वेन्डेलचा हात धरून तिकडे ये. बगलेच्या दारानं. दार वाजवू नकोस."

डीकननं कॉबलरचा घास घेतला तेव्हा मी विचारलं, "काल सकाळी तुम्ही तिच्या दारापर्यंत गाडी का नेलीत?"

घास तोंडातच राहिला.

"माझं ऐका, मग नाही म्हणा. बर्फ पडायच्या आधी काच गेली. नंतर गेली असती तर बगलेच्या दाराशी पाऊल उमटलं असतं. गाडी आली ती बर्फानंतर, आणि तिच्यातून कुणी उतरलं नाही. न उतरता गाडी दारापर्यंत नेऊन परत आणायची, हे कुठला चोर करतो? चोर नाही करत. हे आपण करतो. घरात माणूस आहे असं दिसावं म्हणून. लेथ्रपला यातलं काही ठाऊक नाही. वेन्डेल चर्चमध्ये अडकलेला. मी गात होते. राहिलं कोण? आणि स्क्रू गोल मांडायची सवय त्या कारखान्यात एकट्या ल्यूशसची नव्हती."

"शेजारधर्म केला," तो पुटपुटला. "त्यात काय पाप?"

"काहीच नाही. म्हणून तर कोडं पडलं. काल तुम्ही म्हणालात, खुर्चीतून उठलो नाही. आणि बाहेर चर्चला न गेलेल्यांत काच पुसलेली गाडी एकच, तुमची. चांगुलपणा कुणी लपवत नाही, डीकन. त्याच्याआड दुसरं काही लपवायचं असल्याशिवाय."

डीकननं ताटली खाली ठेवली.

"काच घेऊन आलो," तो म्हणाला, "लष्करी कांबळ्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि इथं खुर्चीत बसलो. बर्फ पडला. खिडकीतून तिचं घर दिसत होतं. एक चाकोरी नाही, एक पाऊल नाही, भकास. मला बघवेना, इमोजीन. हात आपोआप किल्लीकडे गेला. ती कायमची जावी म्हणून काच काढली मी, आणि तासाभरात तिचं घर भरलेलं दिसावं म्हणून गाडी घेऊन निघालो. कसा गाढव म्हणायचा!"

"पण का? का काढलीत?"

"कारण पंधरवड्यापूर्वी ती जिन्यावरून पडली. मला सापडली ती सकाळी. रात्रभर खाली पडून होती, थंडीनं ओठ निळे. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली तिनं मला. तेव्हापासून रोज सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरातला दिवा लागायची वाट बघतो. ल्यूशसला मरताना शब्द दिलाय, तिला जपेन म्हणून. एखाद्या सकाळी दिवा लागायचा नाही आणि मला ते दार उघडावं लागेल. नाही व्हायचं माझ्याच्यानं." त्यानं व्हर्डेलच्या घराकडे बोट केलं. "ती माझं ऐकत नाही, मुलाचं ऐकत नाही. फक्त स्वतःच्या शब्दाचं ऐकते. म्हणून तोच धरला."

"आई, तू पडलीस?"

वेन्डेल दारात उभा होता. त्याच्या दंडाला धरून व्हर्डेल. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पडले."

"मला कळवलं नाहीस!"

"कळवलं असतं तर त्याच रात्री मला विमानात बसवलं असतंस." तिनं त्याचा दंड सोडला आणि एकटी चालत डीकनच्या खुर्चीपुढे येऊन उभी राहिली. "अलोन्झो. या रस्त्यावरून मला घालवायला लोकांनी वीट मारून पाहिली. दुप्पट पैसे देऊन पाहिले. दिवे बंद पडले, बस बंद पडल्या, शाळा बंद पडली. मी हलले का? आणि आता तू स्क्रूड्रायव्हर घेऊन आलास?"

डीकन मान खाली घालून बसला होता.

"माझी भीती वाटते ना तुला? मलाही वाटते. रात्रभर त्या फरशीवर मी पडून होते, तू नाही. पण भीती वाटली म्हणून घर सोडायचं असतं तर ते पहिल्याच आठवड्यात सोडलं असतं. तेव्हा या मुलाला पोटाशी धरून मी काचांच्या तुकड्यांत बसले होते."

वेन्डेलचे डोळे भरून आले होते. व्हर्डेलनं खुर्चीच्या पाठीला धरून दम घेतला, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. चर्चच्या निवडणुकीत ती हरायला आली की असंच दिसतं तिचं तोंड, आणि मग ती हरत नाही.

"जिन्याचं खरंय तुमचं," ती म्हणाली. "जिना मला झेपत नाही. त्या जिन्यासाठी मी उगाच भांडले. मी म्हणाले होते, हात त्या खिडकीत आहे तोवर मी इथं. शब्द मी मोडत नाही. हात हलला, तशी मीही हलते, पण माडीवरून खाली, याच घरात. वेन्डेल, माझा पलंग खाली आण. रस्त्याकडच्या खोलीत, मोठ्या खिडकीपाशी. न्हाणीघर खाली आहेच."

"आणि गिऱ्हाईक?"

"त्याला सांग, बाई घरात आहे. आणि अलोन्झो, ऊठ. कपाटातून माझा हात काढ. तूच काढलास, तूच बसवायचा. जिन्यात नाही. रस्त्याकडच्या खिडकीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. इतकी वर्षं तो जिन्यात लपून बसला होता. म्हाताऱ्या माणसांनी लपून बसू नये."

डीकन उठला. पाठीला काही झालेलं नव्हतं.

७

लेथ्रप बुधवारी आला, गिऱ्हाईकाच्या वेळेला. दर्शनी खिडकीत बदल! अर्ज नाही, सुनावणी नाही! शिडीवर डीकन, खाली शिडी धरून वेन्डेल, आणि आत पलंगावर उशीला टेकून व्हर्डेल.

"मिसेस टॉलिव्हर, समिती याला कधीच मान्यता देणार नाही!"

"सुनावणी लावा," व्हर्डेल खिडकीतून म्हणाली. "मी येईन. ती वीटही घेऊन येईन शेकोटीवरची. ती तर मूळ आहे ना?"

लेथ्रपनं मफलर सोडला, शिडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "निदान कडीला लोकर लावा, मिस्टर मॅब्री. शिशाला थंडी सोसत नाही." सुनावणी अजून लागायची आहे. कोण कुणाच्या बाजूनं बोलेल, ते मी आज सांगू शकत नाही.

वेन्डेल आणखी आठवडाभर राहिला. खालच्या न्हाणीघरात त्यानं कठडे बसवले, आणि स्क्रू काढायचे झाले की ते गोल मांडून ठेवत होता. जाताना आईला म्हणाला, "रोज सकाळी फोन करायचा." व्हर्डेल म्हणाली, "आधी उठेल त्यानं करायचा."

पुढल्या रविवारी पुन्हा बर्फ पडला. व्हर्डेलला थोडी सर्दी होती म्हणून ती चर्चला आली नव्हती. अंधार पडता पडता मी घरी परतत होते तेव्हा तिच्या दारापर्यंतच्या वाटेवर डीकनची ब्यूक सावकाश आत शिरताना दिसली. सवयच ती. त्याला बिचाऱ्याला ती घरी आहे हे ठाऊकच नसावं, किंवा असूनही राहवलं नसावं.

रस्त्याकडच्या खिडकीत दिवा लागला. वीट धरलेला काळा हात पेटल्यासारखा लाल झाला आणि त्याचा रंग बर्फावर, थेट ब्यूकच्या टपावर पडला. मग आतून काचेवर टकटक झाली, आणि बंद खिडकीतून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात व्हर्डेल ओरडली,

"अलोन्झो! गाडी मागे घे! मी आहे घरात!"